चार्ज यादीत जे येत नाही

सरकारी नोकरीत बदलीचा आदेश हातात पडला की पहिलं काम म्हणजे चार्ज देणं. टेबलावर आणि कपाटात जे आहे त्याची यादी होते. चालू संचिका इतक्या, प्रलंबित इतक्या, नोंदवह्या इतक्या, शिक्के, किल्ल्या, न्यायालयीन प्रकरणांचं रजिस्टर. देणारा सही करतो, घेणारा सही करतो, एक प्रत आस्थापना शाखेत जाते आणि नियमाप्रमाणे कार्यभार हस्तांतरित होतो. दुसऱ्या दिवशी नवा माणूस त्या खुर्चीत बसतो तेव्हा कागद सगळे त्याच्या ताब्यात असतात, पण काम मात्र अजून त्याच्या हाती आलेलं नसतं. कोणत्या तालुक्याचा अहवाल दोनदा फोन केल्याशिवाय येत नाही, कोणता प्रस्ताव मंत्रालयातून कशासाठी परत आला होता, कोणत्या अर्जदाराला मागच्या साहेबांनी काय शब्द दिला होता, एखादी साधी दिसणारी संचिका हात लावण्याआधी कुणाला विचारून घ्यावी, यांपैकी एकाही गोष्टीसाठी चार्ज यादीत रकाना नाही.

ही माहिती जुन्या माणसाच्या डोक्यात असते. त्याने सांगितली तर ती पुढे जाते, नाही सांगितली तर त्याच्याबरोबर बदलीच्या गावी किंवा निवृत्तीच्या घरी जाते. तो सांगतो केव्हा आणि गप्प बसतो केव्हा, हा या पुस्तकाचा विषय आहे. कचेरीतल्या सहकाऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास ही वरवर खासगी, स्वभावाची बाब वाटते. पण त्या विश्वासाची किंमत कचेरीबाहेर बाकड्यावर बसलेला माणूस मोजत असतो. त्याचं काम एका खेपेत होणार की सहा खेपांत, हे बऱ्याचदा आतले दोन कारकून एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात की नाही यावर ठरतं.

हा विषय अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे 2024 पर्यंतच्या अहमदनगरच्या, निमित्ताने मांडण्याला कारण आहे. क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. 17 हजार चौरस किलोमीटरांहून जास्त विस्तार, 14 तालुके आणि सोळाशेच्या घरात गावं. एका टोकाला कळसूबाईच्या पायथ्याचा अकोले तालुका, तिथे भाताची खाचरं आणि आदिवासी वाड्या. दुसऱ्या टोकाला जामखेड-पाथर्डी, जिथे पावसाने पाठ फिरवली की टँकरशिवाय निभाव लागत नाही. मधे प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांवरचा उसाचा पट्टा, साखर कारखाने. अकोल्यात तयार झालेला अव्वल कारकून जामखेडला गेला की त्याला निम्मं काम नव्याने शिकावं लागतं. कायदा तोच, नमुने तेच, पण माती, पाणी आणि माणसं वेगळी. अशा जिल्ह्यात एकमेकांना सांगण्याची सवय नसेल तर दर बदलीला कचेरी थोडी अडाणी होते.

आणि दुसरं कारण याहून मोठं आहे. सरकारी कचेरीत माहिती एका माणसाच्या मुठीतून सोडवून सगळ्यांच्या हाती कशी द्यायची, याचा देशभर गाजलेला प्रयोग इथेच झाला. 1980च्या दशकात अनिलकुमार लखिना इथे जिल्हाधिकारी होते. त्या काळची कचेरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको. फडक्यात बांधलेले गठ्ठे कपाटात, कपाटांवर, कपाटांखाली, खिडकीच्या फळीवर. कोणता कागद कुठे, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. आणि तो रजेवर असला की अर्जदाराने पुढच्या सोमवारी यायचं. लखिनांनी हे गठ्ठे सोडवले. अभिलेखांची वर्गवारी नियमात आधीपासूनच होती: अ वर्गाचे कागद कायमचे ठेवायचे, ब वर्गाचे 30 वर्षं, क वर्गाचे 10, क-1चे 5 आणि ड वर्गाचे वर्षभर ठेवून नष्ट करायचे. पण ती वर्गवारी प्रत्यक्ष राबवणं म्हणजे वर्षानुवर्षांचा ढीग एकेक कागद पाहत उपसणं. ते झालं. बसण्याची रचना बदलली, अभिलेख कक्ष लावला गेला, कामाच्या पद्धती लिहून काढल्या गेल्या, आणि हे सगळं कर्मचाऱ्यांना शिकवून त्यांच्याच हातून करून घेतलं गेलं. ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ते पुढे राज्यभर गेलं.

याच परंपरेतली सहा गठ्ठे पद्धत आजही पुष्कळ लिपिकांना तोंडपाठ असते. एक गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा, दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायच्या अहवालांचा, चौथा स्थायी आदेश संचिकेचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. बाहेरच्याला हे कपाट आवरणं वाटेल. मला यातला चौथा गठ्ठा सर्वांत मोलाचा वाटतो. एखाद्या विषयावरचे सगळे शासन निर्णय, परिपत्रकं, मार्गदर्शक पत्रं एका संचिकेत क्रमाने लावलेली असणं म्हणजे त्या टेबलाला स्वतःची स्मरणशक्ती असणं. नवा माणूस ती संचिका दोन दिवस वाचतो आणि कुणाच्या पाया न पडता कामाला लागतो.

लखिना पॅटर्नची आठवण निघते ती बहुतेक वेळा स्वच्छतेच्या आणि शिस्तीच्या अंगाने. माझ्या मते त्याचा खरा परिणाम सत्तेच्या वाटपावर झाला. ‘फाईल सापडत नाही’ हे वाक्य म्हणजे कचेरीतलं एक मोठं हत्यार होतं. ते अर्जदारावर चाले, तसंच सहकाऱ्यावर आणि साहेबांवरही चाले. कागद कुठे आहे हे एकालाच माहीत असेल तर त्या एकाला हलवता येत नाही, दुखावता येत नाही. कागद जागेवर लागले, कुणालाही सापडू लागले, आणि ते हत्यार बोथट झालं. ज्यांचं वजन त्याच्यावरच अवलंबून होतं त्यांना हे आवडलं नसणार हे उघड आहे.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. 2017च्या सुमारास पुणे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम हाती घेतली, तेव्हा तिची सुरुवात पुन्हा अभिलेखांच्या वर्गवारीने आणि सहा गठ्ठ्यांनीच करावी लागली. तीस-पस्तीस वर्षं आधी याच राज्यात सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून का शिकवावी लागली? पद्धत परिपत्रकाने पसरते, पण ती टिकवायला जी माणसं लागतात ती दर तीन वर्षांनी बदलतात. बदल्यांचं विनियमन करणारा 2005चा कायदा तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी सांगतो आणि तो कर्मचाऱ्याच्या हिताचाही आहे. एकाच टेबलावर मुळं धरून बसणाऱ्यांना त्याने आळा बसतो. पण बदली हा नियम असेल तर सांगून जाणं हाही नियम हवा होता, आणि तो कुणी केला नाही. त्याच कायद्यात संचिका सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त अडवून ठेवू नये असं म्हटलेलं आहे. डोक्यातली माहिती अडवून ठेवण्याबद्दल कोणताच कायदा काही म्हणत नाही, आणि म्हणूही शकत नाही.

उन्हाळ्यातली टंचाई शाखा घ्या. पाथर्डी किंवा पारनेरच्या एखाद्या गावाचा टँकरचा प्रस्ताव येतो. ग्रामपंचायतीचा ठराव, ग्रामसेवकाचा आणि तलाठ्याचा अहवाल, तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी, लोकसंख्या, खेपा, पाणी भरण्याचं ठिकाण, अंतर. हे सगळं कागदावर असतं. आता कागदावर नसलेलं पाहा. अमुक वस्तीकडे जाणारा रस्ता ओढ्यातून आहे, तिथे मोठा टँकर वळत नाही, लहानच पाठवावा लागतो. भरण्यासाठी ठरवलेल्या विहिरीचा मालक दर वर्षी एप्रिलमध्ये कबूल होतो आणि मे महिन्यात नाही म्हणतो, म्हणून दुसरा उद्भव आधीच बघून ठेवावा. एका वस्तीचा आकडा मूळ गावात धरला जातो आणि तिच्या वाट्याची खेप गावाच्या हौदातच संपते. हे ज्याला माहीत आहे त्या लिपिकाची बदली ऐन मे महिन्यात झाली आणि त्याने यातलं काही सांगितलं नाही, तर जिल्ह्याच्या अहवालात त्या गावाला टँकर सुरू असल्याचं दिसेल आणि वस्तीवरची बाई हंडा घेऊन तीन किलोमीटर चालत असेल. कुणीही नियम मोडलेला नसेल. कुणावरही कारवाई होणार नाही.

त्याने का सांगितलं नसेल? आळस किंवा दुष्टावा ही कारणं फार थोड्या वेळा खरी असतात. बहुतेक वेळा भीती असते, आणि ती भीती विनाकारण नसते. सरकारी माणूस नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकतो की तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पुरावा नसतो, आणि अंगाशी आलं तर ‘मला यांनी असं सांगितलं’ एवढंच नाव पुढे येतं. मग तो सल्ला देताना ‘बघा बुवा, तुमच्या जबाबदारीवर’ असं म्हणू लागतो. काही वर्षांनी सल्लाच देईनासा होतो. विचारणाऱ्याचीही तीच गत. एवढी वर्षं नोकरी होऊन हेही माहीत नाही का, असं एकदा चारचौघांत ऐकलेला माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही. अंदाजाने टिपणी लिहितो आणि ती वर पाठवतो. त्यात पदोन्नतीची यादी असते, गोपनीय अहवाल असतो, चांगलं टेबल कुणाला मिळणार याची ओढाताण असते. शेजारी बसलेला माणूस मित्रही असतो आणि स्पर्धकही.

भीती आणि कामाची गुणवत्ता यांचा संबंध किती खोल आहे हे अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांच्या अभ्यासात फार चांगलं दिसलं. 1990च्या दशकात त्या रुग्णालयांमधल्या गटांकडून औषध देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. ज्या गटांत मेळ चांगला तिथे चुका कमी, असं निघेल अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. मग उलगडा झाला की त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. वाईट गटांत त्या दडपल्या जात होत्या. 1999च्या त्यांच्या निबंधानंतर चुका निर्धास्तपणे सांगता येण्याचा हा विचार जगभर पोचला.

आपल्याकडे याचं उदाहरण शोधायला रुग्णालयात जायला नको. सातबारा संगणकावर आला तेव्हा हस्तलिखितावरून टंकताना कुठे क्षेत्राचा आकडा चुकला, कुठे वारसाचं एक नाव गळलं. तलाठ्याच्या ती चूक लवकर लक्षात आली आणि त्याने तहसीलदारांना सरळ सांगितलं, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 155खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा मार्ग आहे. आपल्यालाच नोटीस निघेल या धास्तीने तो गप्प बसला तर? दहा वर्षांनी त्या कुटुंबात वाटणी निघते, नाव गळलेली बहीण कचेरीत येते, आणि चार अक्षरांच्या चुकीसाठी प्रांत, अप्पर जिल्हाधिकारी अशी अपिलांची वारी सुरू होते. तलाठ्याने तोंड उघडायचं की नाही हे बरंचसं तहसीलदारांनी मागच्या वेळी अशी चूक सांगणाऱ्याला काय वागणूक दिली यावर ठरलेलं असतं. साऱ्या तालुक्याचे तलाठी ते पाहत असतात.

शाळांमध्ये चित्र थोडं वेगळं दिसतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी पद्धतीचं काम उभं राहिलं, तेव्हा राज्यभरातून जिल्हा परिषदेचे शिक्षक ते पाहायला गेले. वर्गात बसले, फरशीवर आखलेली कोष्टकं पाहिली, परत येऊन आपापल्या शाळेत करून पाहिलं. कुमठ्याच्या शिक्षकांनी आपले वर्ग उघडे ठेवले, ही यातली मोठी गोष्ट. मला वाटतं शिक्षकांना हे जमतं कारण दोन गावांचे दोन शिक्षक एकमेकांचा गोपनीय अहवाल लिहीत नाहीत आणि एकाच्या यशाने दुसऱ्याचं टेबल जात नाही. जिथे सांगून काही गमवायचं नसतं तिथे माणसं हौसेने सांगतात.

ज्युलियन ओर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञांनी झेरॉक्स कंपनीच्या यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास करून 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. कंपनीने दिलेल्या जाडजूड पुस्तिकांत नसलेले बिघाड ही माणसं कशी शोधतात, तर न्याहारीला एकत्र बसून एकमेकांना यंत्रांच्या गोष्टी सांगतात. कंपनीच्या हिशेबी तो वाया गेलेला वेळ होता. आपल्या कचेऱ्यांतला दुपारचा डबा आणि चारचा चहा यांचं महत्त्व हेच आहे. कलेक्टर कचेरीबाहेरच्या टपरीवर नेवाशाचा आणि श्रीगोंद्याचा नायब तहसीलदार उभ्या उभ्या जे बोलतात, त्यात कितीतरी प्रकरणांची वाट मोकळी होते. बैठकीत तेच दोघे मान खाली घालून तक्त्यातले आकडे वाचतात.

सांगण्याची साखळी तुटली की काय होतं, हे 2023च्या अखेरीस सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली. हक्कनोंदी, शाळांची जनरल रजिस्टरं, जन्ममृत्यूची कोतवाल बुकं. कागद होते. कायम जतन करायच्या वर्गातले, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले. त्यांतले कितीतरी मोडी लिपीत होते, आणि ते वाचणारी माणसं कचेऱ्यांत नव्हती. एके काळी मोडी येत नसलेल्याला कारकुनी मिळणंच शक्य नव्हतं. शाळांतून मोडी गेली, जुने कारकून निवृत्त झाले, आणि जाताना पुढच्याला चार वळणं शिकवून जा असं त्यांना कुणी म्हटलं नाही, कारण त्या वेळी गरज दिसत नव्हती. शेवटी मोडी जाणणारे बाहेरून शोधून आणावे लागले. नगरला ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयामुळे मोडी कागदांशी नातं टिकवलेली माणसं तरी आहेत; सगळीकडे ती नाहीत. लखिना पॅटर्नने कागद वाचवायला शिकवलं. कागद वाचवून भागत नाही, वाचणारा हवा, हे आपण त्या हिवाळ्यात शिकलो.

मोडीचं जे झालं ते उद्या इतर गोष्टींचं होईल. कमाल जमीनधारणा कायद्याखाली साखर कारखान्यांकडून घेतलेल्या आणि 1963मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेलेल्या श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव भागातल्या जमिनी आणि खंडकऱ्यांचे हक्क, देवस्थान इनामं, कालव्यावरच्या पाळ्या, यांतली गुंतागुंत समजणारी माणसं आज साठीच्या आसपास आहेत. 2023च्या भरतीतून आलेले तरुण तलाठी संगणकावर त्यांच्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. दोघांना एकमेकांकडून घेण्यासारखं भरपूर आहे. पण नव्याला जुन्याचा तुसडेपणा बोचतो, आणि जुन्याला पासवर्ड विचारायला लागण्याचा कमीपणा वाटतो.

याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून महाराष्ट्रातली माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली, हे इथे विसरता येणार नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा रेटा मागे होता म्हणून महाराष्ट्राचा 2002चा कायदा आला. 2005मध्ये देशाचाही कायदा आला. त्या कायद्याच्या कलम 4ने प्रत्येक कचेरीला आपले अभिलेख सूचिबद्ध करून ठेवायला आणि 17 मुद्द्यांची माहिती आपण होऊन जाहीर करायला सांगितलं. ही मागणी मनापासून पाळली गेली असती तर चार्ज यादीतला न लिहिलेला मजकूर निम्मा तरी लिहिला गेला असता. पुष्कळ ठिकाणी ती माहिती मागच्या वर्षीचीच, तारीख बदलून लावली जाते. अनुभवी कर्मचारी दुसरीही एक गोष्ट सांगतात: टिपणी बाहेर जाणार म्हटल्यावर स्वतःचं मत लिहिणं लोक टाळू लागले. यावर उपाय पारदर्शकता कमी करण्यात नाही. प्रामाणिक मत लिहिणाऱ्याच्या पाठीशी वरिष्ठाने उभं राहण्यात आहे, आणि तशी उदाहरणं हवी तितकी नाहीत.

महसूल खात्यातल्या काही उपजिल्हाधिकाऱ्यांनी आपल्या सवडीत तलाठ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिल्या, शंकांना उत्तरं दिली, आणि ती मोबाईलवरून राज्यभर फिरली. कुणाचा आदेश नव्हता. विचारणाऱ्याला तिथे कुणी हसत नव्हतं, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव खाली असे, चांगल्या अर्थाने. सरकारी माणूस सांगत नाही हा समज यामुळे खोटा ठरतो. त्याला सांगायला जागा मिळत नाही, हे जास्त खरं आहे.

ही जागा करून देणं फार खर्चाचं नाही. बदलीवर जाणारा आणि येणारा आठ दिवस एकाच टेबलाशी बसले, तर बिघडणार काय? त्या आठ दिवसांचा पगार शासनाला परवडतो. नव्या माणसाने चाचपडत काढलेले चार महिने जनतेला परवडत नाहीत. निवृत्त होणाऱ्या अव्वल कारकुनाकडून शेवटच्या महिन्यात नेहमीचं टपाल काढून घ्यावं आणि त्याला दोन नव्या मुलांना घेऊन बसवावं. किती जणांना काम शिकवलं, याला कार्यमूल्यमापन अहवालात एक ओळ असावी. आज किती प्रकरणं निकाली काढली याला ओळ आहे, आणि ज्याची ओळ असते तेच केलं जातं. स्थायी आदेश संचिकेच्या शेवटी चार कोरी पानं जोडावीत आणि जाणाऱ्याने त्यांवर आपल्या अक्षरात लिहावं: या टेबलावर मी काय चुकलो, कशाला फसलो, काय जपावं. ती पानं चौकशीत पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, हे मात्र जिल्हाधिकाऱ्यांनी आधी लेखी सांगायला हवं. तेवढ्या एका पत्राशिवाय ती चारही पानं कोरीच राहतील.